शाळेच्या वेळेत आईचा फोन

शनिवार, १ नोव्हेंबर

आईने हात वर केला आणि मी तो खाली ओढला. भर पालकसभेत.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी, ठराव मांडला होता. सोमवारपासून शाळेच्या वेळेत मुलांचे फोन बंद. दप्तरात बंद ठेवून चालणार नाही – सकाळी फाटकाशी जमा करायचे, सुटताना परत न्यायचे. "ज्या पालकांना पटतंय त्यांनी हात वर करा." सगळ्यांनी पटापट केले. जणू घरी जेवणं खोळंबली होती. आणि त्यांच्यात आमची आई! मी तिच्यासमोर जमिनीवर बसून शब्द न् शब्द हातांनी सांगत होते, तरी हिने हात वर केलाच.

ही तिची जुनी सवय. सगळे उठले की उठायचं, सगळे हसले की हसायचं, समोरच्याने मान हलवली की आपली हलवायची. हिला ऐकू येत नाही हे कळलं की लोकांचे चेहरे बदलतात, आणि ते बदललेले चेहरे तिला बघवत नाहीत. म्हणून ती कळल्यासारखं करते. मी तिचं मनगट धरून खाली ओढलं आणि म्हटलं, "कशाला हात वर करतेयस ते तरी कळलंय का?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले. आईने हात मांडीवर ठेवले की बोलणं संपलं.

ठराव पास झाला. तिच्या हातावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

अडलंय माझं. वर्गातल्या पोरी रडतायत ते गाण्यांसाठी आणि फोटोंसाठी. मी कशासाठी रडू ते कुणाला सांगता येत नाही. आई लॉन्ड्रीत नवीन लागलीय – हॉस्पिटलच्या चादरी धुणारी मोठी लॉन्ड्री. अजून कायम झालेली नाही. तिथल्या सुपरवायझरला काही सांगायचं असलं की आई मला व्हिडिओवर फोन लावते. तो बोलतो, मी हातांनी आईला सांगते. आई हातांनी बोलते, मी त्याला तोंडाने सांगते. लिहून भागलं असतं, पण आईला लिहिता-वाचता येतं ते आपलं नाव, आकडे आणि दुकानांच्या पाट्या, एवढंच. बाबा होते तोवर हे खातं त्यांच्याकडे होतं. ते गेले आणि माझ्याकडे आलं. तेव्हा मी दुसरीत होते.

आणि आमची ही खोली लॉन्ड्रीची आहे. नोकरी गेली की खोलीही गेली.

आता सोमवारपासून काय करू?


सोमवार, ३ नोव्हेंबर

फाटकाशी लाकडी पेटी आलीय. आत कप्पे, कप्प्यांवर हजेरीचे नंबर. शिपाईमामा खुर्ची टाकून बसले होते. "टाक बाई, टाक. संध्याकाळी तुझं लेकरू तुला परत." सगळ्या हसल्या. मीही हसले. आईची लेक शोभते.

तिसऱ्या तासाला पायमोजा थरथरला. फोन रोज तिथेच असतो ना, घोट्यापाशी. मी सवयीने उठले, "बाई, पाणी पिऊन येते," म्हटलं आणि दारापर्यंत गेल्यावर कळलं की पायमोज्यात काहीच नाही. तशीच जिन्याखाली जाऊन उभी राहिले. केरसुण्यांच्या शेजारी, रोजच्या जागी. तास संपेपर्यंत.

घरी आईला विचारलं, "आज काही झालं?" म्हणाली, "काही नाही." तिचं 'काही नाही' मला चांगलं माहीत आहे.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

संध्याकाळी पेन्सिलचा फोन आला.

पेन्सिल म्हणजे सुपरवायझर. आमच्या घरात कुणाला नाव नसतं, खूण असते. तो कानावर पेन्सिल खोचतो, म्हणून कानामागे एक बोट – झाला पेन्सिल. मोठ्या बाई म्हणजे नाकाच्या शेंड्यावर बोट, त्यांचा चष्मा तिथे येऊन थांबतो म्हणून. पीटीचे सर म्हणजे ओठांपाशी चिमूट – शिट्टी. मी म्हणजे गालाला बोट. तिथे तीळ आहे. शाळेत मला नावाने हाक मारली की अजून क्षणभर वाटतं, ही कोण दुसरी?

तर पेन्सिल म्हणाला, "अगं, दोन दिवस मीच आईला फोन लावायला लावतोय आणि तू उचलत नाहीस. मी बोलतो ते तिला कळत नाही, ती सांगते ते मला कळत नाही. मान मात्र हलवते. इथे वाफेची यंत्रं आहेत बाळा. उद्या काही झालं तर माझ्या गळ्याशी येईल. महिनाअखेरीला तिला कायम करायचं की नाही ते मला वर कळवायचंय."

मी म्हटलं, "साहेब, शाळेत नवीन नियम आलाय. मी काहीतरी करते."

"लवकर कर."

आई समोर बसून माझं तोंड वाचायचा प्रयत्न करत होती. "काय म्हणतो?" मी सांगितलं, "कामावर खूश आहे." ती एवढी हसली की मला उठून बाहेर जावं लागलं.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

मोठ्या बाईंकडे गेले. दाराबाहेर उभी राहून किती वेळा परत फिरले, शेवटी त्यांनीच आत बोलावलं.

"बाई, मला फोन जवळ ठेवायचाय. आईसाठी."

"या आठवड्यात सगळ्यांच्याच आया अडचणीत आल्यात," त्या म्हणाल्या. मान वर न करता.

"माझ्या आईला ऐकू येत नाही, बाई."

मग चष्मा काढला. "हे मला आजवर का नाही सांगितलंस? सभेत मागे हातवारे करत होतीस, मला वाटलं कुणाची तरी टिंगल चाललीय." त्यांना वाटलं ते सगळ्यांनाच वाटतं.

त्यांनी चष्मा परत घातला. मग म्हणाल्या, "आईंना घेऊन ये. पालक स्वतः समोर येऊन म्हणाले, तर मी विशेष परवानगी देईन. आणि तुझ्या सहामाहीबद्दलही त्यांच्याशी बोलायचंच आहे."

झालं. गाडी नेमकी तिथे येऊन अडली. मी तीन विषयांत नापास आहे. आईला वाटतं निकाल अजून लागायचाय. आणि आईशी बोलायचं म्हणजे माझ्यामार्फतच बोलणार ना. म्हणजे बाई म्हणणार, ही नापास आहे, आणि ते आईला सांगणार कोण – हीच.

"बघते, बाई," म्हणून आले. काही बघणार नाहीये. मला जमणार नाही.


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आईचं मनगट लाल. इस्त्रीच्या प्रेसची वाफ लागली म्हणे. "एवढंसं आहे." भोंगा वाजला की वाफ सुटते, सगळ्या बाया मागे सरतात, ही बायांचं बघून सरते. आज बघायला उशीर झाला.

आता हातपाय गाळून चालणार नाही. काहीतरी करायलाच हवं.


सोमवार, १० नोव्हेंबर

जमलं! कपाटात जुना फोन पडून होता, काच तडकलेला, कधीच बंद पडलेला. तो पेटीत टाकला. खरा पायमोज्यात. मामांनी बघितलंसुद्धा नाही.

तिसऱ्या तासाला थरथर. जिन्याखाली गेले. आई, पेन्सिल, मी. कुठल्या चादरी आधी घ्यायच्या, कुठल्या वेगळ्या ठेवायच्या, एवढंच. माझा जीव भांड्यात पडला. पेन्सिल म्हणाला, "आलीस का बाळा परत, बरं झालं."

भूमितीत काय शिकवलं ते बाकावरच्या शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "तू शाळेत येतेस तरी कशाला?" गमतीत म्हणाली. असेल गमतीत.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

सापडले.

पेन्सिल सांगत होता, "तिला सांग, उद्यापासून मोठ्या प्रेसवर." मी सांगितलं. आईचा चेहरा असा उजळला! मोठ्या प्रेसवर कायम झालेल्या बायांनाच घेतात. ती दोन्ही हातांनी एवढं भराभर बोलायला लागली की मलाही पुरतं कळेना. मागून पेन्सिल म्हणतोय, "थांब, थांब, पुढचं नीट सांग तिला –" आणि वरून एक हात आला. पीटीचे सर.

"कोणाशी चाललंय?"

"आईशी, सर. एक मिनिट, सर, त्यांना बोलू द्या –"

"आईशी?" त्यांनी पडद्याकडे बघितलं. आई हात हलवत होती, हसत होती. "ही नाचतेय कोण?" आणि फोन बंद केला. वाईट नाहीत ते. पण हसले.

फोन मोठ्या बाईंच्या कपाटात. पालक आल्याशिवाय परत नाही.

घरी आईने विचारलं, "फोन मध्येच कट झाला. पेन्सिल पुढे काय म्हणत होता? मी मान हलवली, पण कळलं नाही." आता सापडले म्हणून सांगितलं तर शाळेत येणं आलं, शाळेत आली की निकाल आला. मी म्हटलं, "लवकर ये म्हणत होते. सगळ्यांच्या आधी." असंच काहीतरी म्हणत असणार. सुपरवायझर दुसरं काय म्हणतात? आई खूश. आताच झोपायला गेली, सकाळी पहिली पोचायचंय म्हणून.


बुधवार, १२ नोव्हेंबर

आईचा हात भाजला. उजवा.

लिहवत नाही.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

लिहितेच. दुसऱ्या कुणाला सांगू?

काल दुसरा तास चालू असताना मामा वर्गाच्या दारात आले. "तुला न्यायला माणूस आलाय." पेन्सिल होता. कानावर पेन्सिल नव्हती.

आई सगळ्यांच्या आधी पोचली. प्रेस तापलेली होती. चादर लावायला हात घातला. भोंगा वाजला, आणि आजूबाजूला बघून मागे सरावं तर कुणी आलेलंच नव्हतं. बोटांच्या पेरांपासून मनगटाच्या वरपर्यंत भाजलंय. अंगठा आणि दोन बोटांची टोकं वाचली.

दवाखान्याच्या बाकावर पेन्सिल मला म्हणाला, "मी सांगितलं होतं ना तुला? उद्यापासून मोठी प्रेस, पण आधी तिथे दिवा बसवायचाय, भोंग्याबरोबर पेटणारा, खास तिच्यासाठी. तो बसेपर्यंत हात लावायचा नाही. मी चार लोकांशी भांडून तो दिवा मंजूर करून घेतला. तिने मान हलवली, मला वाटलं तू सांगितलंस."

ते होतं पुढचं वाक्य. मी तिथे 'लवकर ये' घातलं.

आईच्या फोनवरून त्याला लावता आला असता. मंगळवारी रात्रभर तो फोन उशाशी होता. लावला असता तर आईने विचारलं असतं, तुझा कुठाय? म्हणून नाही लावला. माझे गुण लपवायला मी आईचा हात भाजला.

पेन्सिल बोलत होता तेव्हा आई दोघांकडे बघत होती. डाव्या हाताने विचारलं, "काय म्हणतो?" मी सांगितलं, "काळजी घे म्हणतो." आईने त्याच्याकडे बघून मान हलवली. छान हसलीसुद्धा. मला मरून जावंसं वाटलं.

उजवा हात गुंडाळलेला म्हणजे आईचं बोलणं अर्ध्यावर आलं. बोबडं बोलणाऱ्या बाळासारखं करते डाव्या हाताने. माझी खूण करायला उजवा हात उचलला, मग आठवलं, मग डावा उचलून गालाला बोट लावलं. हात तिचा भाजलाय आणि जीभ माझ्यामुळे भाजलीय. तिला माहीतही नाही.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मोठ्या बाईंनी चिठ्ठी दिली होती, पालकांनी आजच भेटावं. मी आईला म्हटलं, "सगळ्यांच्या आयांना बोलावलंय." आई बँडेजवरून लांब बाहीचं घालून आली. शाळेत यायचं म्हणून केस नीट बांधायचे होते तर एका हाताने जमेनात, मी बांधले.

बाई म्हणाल्या, "बसा." आणि माझ्याकडे वळून, "मी बोलते ते सगळं सांगायचं. गाळायचं नाही."

"हो, बाई."

"ही मुलगी हुशार आहे. पण वर्षाच्या सुरुवातीपासून रोज एक ना एक तास वर्गाबाहेर असते. पाणी पिते, म्हणे. सहामाहीत तीन विषय गेले आहेत. दहावीला अशीच बसली तर कठीण आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "बाई म्हणतात, हुशार आहे. थोडा अभ्यास वाढवायला हवा."

तेवढ्यात बाईंनी प्रगतिपुस्तक टेबलावर आईसमोर सरकवलं. आईला आकडे येतात. लाल शाईला दुभाषी लागत नाही. तिने तिन्ही लाल आकड्यांवर एकेक करून डावं बोट ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता खरं सांग."

मी सांगितलं. सगळं. स्वतःच्या हातांनी स्वतःची चहाडी. बाईंच्या टेबलासमोर उभी राहून.

आईने विचारायला लावलं, "वर्गाबाहेर कधी असते?" बाई म्हणाल्या, "बहुतेक तिसऱ्या तासाला. परवा मंगळवारी तर जिन्याखाली फोनवर सापडली. सरांनी तिथेच फोन काढून घेतला." मी तेही सांगितलं.

आई थांबली. डावा हात हवेतच. मग कानामागे बोट – पेन्सिल. "तो बोलत होता तेव्हा?"

मी मान हलवली.

"मग लवकर ये कोण म्हणालं?"

मी गालाला बोट लावलं. स्वतःच्या.

आईने डावा हात मांडीवर ठेवला. गुंडाळलेला उजवा त्याच्या शेजारी ठेवला. आणि खिडकीबाहेर बघत बसली.

बाईंना काही कळलं नाही. मऊ आवाजात म्हणाल्या, "त्यांची अडचण मला आता दिसतेय. विचार त्यांना, शाळेच्या वेळेत तुझा फोन तुझ्यापाशी हवाय का? त्या हो म्हणाल्या तर मी आजच परवानगी देते. नियम माणसांसाठी असतात."

मी आईच्या डोळ्यांसमोर हात नेऊन विचारलं. तिचे हात हलले नाहीत. पुन्हा विचारलं. नाही हलले.

मी बाईंना म्हटलं, "हो म्हणते."

"त्यांनी हात तर हलवला नाही."

"आमच्यात असंच असतं, बाई."

परवानगी मिळाली. फोन मिळाला. घरापर्यंतच्या वाटेत आई माझ्या पुढे चालत होती. पाठ असली की मला काही सांगता येत नाही. एरवी ती कधीच पुढे चालत नाही.


रविवार, १६ नोव्हेंबर

आई बोलत नाही. जेव, झोप, पाणी भर – एवढंच, डाव्या हाताने. रागावली तर बरं होतं. मागे एकदा कपबशी फोडली होती तेव्हा दोन्ही हातांनी अशी झापली होती की शेजारीण खिडकीत येऊन बघत उभी राहिली.

मी दोनदा माफी मागितली. दुसऱ्यांदा मागताना ती भांडं घासत होती, एका हाताने. माझ्या हातांकडे बघितलंच नाही. न बघणं म्हणजे आमच्यात कानात बोटं घालणं.


सोमवार, १७ नोव्हेंबर

फोन पायमोज्यात, सगळ्यांदेखत. वर्गात मला एकटीला परवानगी. पोरी जळतायत. बाकावरची शेजारीण म्हणाली, "तुझी मजा आहे बाई." मजाच आहे.

आई घरी. त्यामुळे फोन नाही.


बुधवार, १९ नोव्हेंबर

आई आजपासून कामावर गेली. बँडेजसकट. प्रेसवर नाही, घड्या घालायला, म्हणे. मी दिवसभर घोट्याकडे लक्ष ठेवून होते.

फोन नाही.

पहिला दिवस आहे, काही सांगायचं नसेल.


गुरुवार, २० नोव्हेंबर

नाही.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत मीच लावला. आईचा फोन बंद. पुन्हा लावला. बंद. पेन्सिलला लावला, उचलला नाही.

घरी विचारलं, "तुझा फोन का बंद होता?" आईने खांदे उडवले. "पेन्सिल काही म्हणाला?" "नाही." "कामावर ठेवलंय ना तुला?" आई उठून दिवा लावायला गेली.

मला कळलंय. काढून टाकलंय तिला. रोज सकाळी डबा घेऊन जाते आणि कुठेतरी बसून राहते, आणि मला सांगत नाही. जशी मी निकाल सांगत नव्हते. भाजलेल्या, न ऐकू येणाऱ्या बाईला कोण ठेवील? महिना संपायला आला. खोलीचं काय? कुठे जाणार आम्ही? दुसरीकडे तरी कोण घेणार तिला? तिच्या वतीने बोलायला मी, आणि माझ्यावर आता तिचा विश्वास नाही. बाबांसारखं आमची भाषा कळणारं दुसरं कुणी असतं, तर मीसुद्धा मला ठेवलं नसतं.

काय करू? काय करू?


सोमवार, २४ नोव्हेंबर

तिसऱ्या तासाला परत लावला. बंद. मी उठले. बाई म्हणाल्या, "पाणी?" सगळा वर्ग हसला. मी दप्तर तिथेच टाकून निघाले. फाटकाशी मामा ओरडले, "अगं कुठे?" थांबले नाही.

लॉन्ड्रीपर्यंत धावत गेले. मागच्या बाजूला मोठी काच आहे, वाफेने नेहमी धुरकट असते. बाहीने पुसली आणि बघितलं.

आई होती.

लांब टेबलापाशी, चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये. डाव्या हाताने आणि कोपराने घडी घालत होती, तरी शेजारणीच्या पुढे होती. मोठ्या प्रेसवर लाल दिवा बसवलेला. तो पेटला, आईने मान वर केली, दोन पावलं मागे सरली, वाफ गेली, पुन्हा पुढे. कुणाकडे बघावं लागलं नाही तिला.

आणि पेन्सिल तिच्यासमोर उभा राहून हात हलवत होता. काय ते हात! 'थांब' म्हणताना माशी हाकलल्यासारखं करत होता. 'गरम' म्हणायचं होतं, तो 'आजोबा' म्हणाला. आई हसली. डाव्या हाताने त्याची बोटं धरून नीट केली. त्याने पुन्हा केलं. पुन्हा चुकलं. शेजारच्या बाईनेही करून बघितलं. तिचं जवळजवळ बरोबर आलं.

मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. इतकी वर्षं मी नसले तर आईचं कसं होईल याची मला भीती वाटायची. मी नसले आणि तरी तिचं चाललं, याची भीती मला ठाऊकच नव्हती. काचेला डोकं टेकून मी मोठमोठ्याने रडले. आईला काय, ऐकू येणार नव्हतं.

शेजारच्या बाईने तिला खांद्याला हात लावून दाखवलं. आई बाहेर आली. घामाने भिजलेली. पहिला प्रश्न, "शाळा?"

"तुझा फोन लागत नाही. मला वाटलं –"

"फोन घरी आहे. पिठाच्या डब्यात."

"का?"

तिने भाजलेला हात पहिल्यांदाच वर उचलला. बँडेजातून बाहेर आलेल्या बोटांच्या टोकांनी, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "शाळेच्या वेळेत फोन बंद."

मी म्हटलं, "पण मला परवानगी आहे. आणि तुला कायम करायचं अजून ठरलेलं नाही. ह्या दोन-चार खुणांवर हे लोक तुला ठेवतील?"

"नाही ठेवलं तर नाही."

"मग खोली?"

"जा. वर्गात जा. संध्याकाळी बोलू." आणि आत गेली. पेन्सिल दारातून मला म्हणाला, "आम्ही घेतोय जमवून कसंतरी. वर काय ठरवतील, ते माझ्या हातात नाही बाळा." आणि 'हातात नाही' हे त्याने हातांनीही करून दाखवलं. चुकलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.


मंगळवार, २५ नोव्हेंबर

काल संध्याकाळी आई बोलली. दुखत होतं तरी दोन्ही हातांनी.

म्हणाली, "सभेत मी कुणाचं बघून हात वर केला नव्हता. मी तुझ्या हातांकडे बघत होते. तू सगळं नीट सांगितलंस, मला सगळं कळलं. म्हणून वर केला. तू ओढलास."

आज सकाळी फाटकाशी मी फोन पेटीत टाकला. खरा. मामा म्हणाले, "अगं, तुला परवानगी आहे ना?"

म्हटलं, "मोठ्या बाईंची आहे, मामा. आईची नाही."